आमच्या पळण्याचा इतिहास

धामणकर नाक्यावर पहाटे साडेपाचला चहाची टपरी उघडते. रात्रपाळी सुटायला तेव्हा अजून वेळ असतो. आजूबाजूच्या गाळ्यांतून मागांची खडखड चालूच असते. ती इथं कुणाला ऐकू येत नाही, बंद पडली तरच ऐकू येते. त्या वेळेला चार-पाच पोरं वऱ्हाळदेवी तलावाला चकरा मारून नाक्यावर येतात, घामानं निथळत. पोलीस भरतीची तयारी चाललीय. सोळाशे मीटर किती मिनिटांत, किती सेकंदांत, एवढंच त्यांचं बोलणं. त्यातल्या एकानं परवा मला विचारलं, "काका, तुम्ही पण रनर होता म्हणतात. कुठवर खेळला?"

मी म्हणालो, "खेळलो कुठं? पळालो."

पोरगं हसलं. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण दोस्तहो, ही गंमत नाही. पुस्तकातल्या मराठीत धावतो त्याचा धावपटू होतो, आणि पळतो त्याचा पळपुटा. आमच्या घरात धावणं हा शब्दच नव्हता. आजा पळायचा. बाप पळाला. मीही पळालो. ह्या पळण्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. इतिहास लिहिणारे बसून लिहितात, पळणारा त्यांना पाठमोराच दिसतो.

माझा आजा नगर जिल्ह्यातल्या एका गावचा येसकर महार. महारवाड्यात येसकरकीची पाळी घराघरांत फिरायची. पाळी आली की घुंगराची काठी घरात यायची आणि झोप घराबाहेर जायची. चावडीवरून हाक आली की उठायचं, मग जेवत असो, आजारी असो, घरात बाळंतीण असो. सरकारी टपाल तालुक्याला पोचवायचं. सारा गोळा झाला की थैलीबरोबर जायचं. साहेब घोड्यावरून आला की घोड्याच्या पुढं पळत वाट दाखवायची. घोडा चारी पायांनी, आजा दोन पायांनी, आणि मागं पडला तर शिवी आज्याला. घोडा सरकारी होता ना!

पण ह्या सगळ्यात लांबचं पळणं म्हंजे मयताचा सांगावा. गावातल्या पाटलाच्या, कुणब्याच्या घरी कुणी गेलं की पाहुण्यांच्या गावोगाव खबर पोचवायची ती महारानं. प्रेत खोळंबलेलं, म्हणून पळतच जायचं. आजा सांगायचा, एकदा एका रात्री सहा कोस जाऊन सहा कोस परत आलो. कोस दोन मैलांचा धरला तर चोवीस मैल झाले. पायात काही नाही, पोटात सकाळची शिळी भाकर. पोचल्यावर लांब उभं राहून ओरडायचं, "अमक्याचा सांगावा आहे जी." आतून रडं उठायचं. मग कुणाला आठवण झाली तर वरून भाकर पडायची. आठवण झाली नाही तर तसाच परत. सांगाव्याला उशीर झाला म्हणून मार खाल्लेली माणसं आज्याच्या ओळखीची होती. लवकर पोचला म्हणून बक्षीस मिळालेलं मात्र त्याला एकही आठवत नव्हतं.

आता मॅरेथॉन म्हंजे काय ते ऐका. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉन नावाच्या मैदानावर लढाई झाली. तिथून एक निरोप्या अथेन्सपर्यंत पळत गेला, आपण जिंकलो एवढं म्हणाला आणि पडून मेला, अशी कथा आहे. जुन्या हेरोडोटसच्या इतिहासात मरण्याची गोष्ट नाही. त्यात फिडिपिडिस नावाचा जासूद स्पार्टाला मदत मागायला पळाल्याचं आहे. मरण्याचा भाग पुढच्यांनी जोडला. गोष्ट खरी असो, खोटी असो, तिच्यावरून १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत सुरू झाली. ती कल्पना मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच पंडिताची. म्हंजे जगातली सगळ्यात मानाची शर्यत ही मुळात काय आहे? सांगावा आहे. येसकराचं काम आहे. तिकडं सांगावा घेऊन पळणाऱ्याचा पुतळा झाला. इकडं सांगावा घेऊन पळणाऱ्याला वाड्याच्या पायरीवर बसू दिलं नाही.

त्या पहिल्या शर्यतीत जिंकला कोण, तर स्पिरिडॉन लुईस. मारूसी गावचा गडी, अथेन्सला पाणी वाहून नेऊन विकणारा. राजानं काय हवं म्हणून विचारलं तेव्हा त्यानं पाणी वाहायला गाढव आणि गाडी मागितली, असं सांगतात. लोक ही गोष्ट त्याच्या साधेपणाची म्हणून सांगतात. मला ती हिशेबाची वाटते. ज्यानं पाठीवर ओझं वाहिलंय त्याला राजापाशी काय मागायचं ते नेमकं कळलं.

आमच्याकडं मात्र हे पळणं कायद्यानं बांधलेलं होतं. १८७४ चा वतनाचा कायदा. महार हा सरकारचा वतनदार नोकर, पगार मात्र नावाला. थोडी इनाम जमीन, गावाचं बलुतं, आणि हाक येईल तेव्हा हजर. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात ह्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. त्यांचं दुखणं हेच होतं की ह्या नोकरीला वेळकाळ नाही. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला धरून कामाला लावतात, म्हंजे एका नोकराच्या मजुरीत सगळं घर राबतं. ते बिल पुढं मागं घ्यावं लागलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आज्यानं तेवढी वाट पाहिली नाही. १९५६ ला धर्म बदलला आणि घुंगराची काठी त्यानं चावडीवर नेऊन टाकली. "आता तुमची खबर तुम्ही न्या," म्हणाला. गाव वर्षभर बोललं नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली. ती आमच्या पोरांना कुणी शिकवत नाही.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं मैदानी शर्यती भरवल्या. अध्यक्ष सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली शेतकरी माणसं उतरली. अनवाणी. शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत, सराव म्हंजे काय ते ठाऊक नाही. पण त्यांनी घेतलेला वेळ बघून टाटा चकित झाले, कारण तो युरोपातल्या धावणाऱ्यांच्या जवळपास जाणारा होता. ह्यांना ऑलिंपिकला पाठवावं असं ठरलं. पैसे टाटांनी स्वतः घातले, सरकारकडून आले, वर्गणी जमली. १९२० च्या जूनमध्ये मुंबईहून बोट निघाली. त्या चमूत बंगालचा पूर्मा बॅनर्जी, नवले आणि शिंदे हे दोन पैलवान, आणि लांब पल्ल्याचे तिघं: बेळगावचा फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी.

२२ ऑगस्ट १९२० ला बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये मॅरेथॉन झाली. पावसाळी, थंड हवा. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर, म्हंजे आजच्या मॅरेथॉनहून अर्धा किलोमीटर जास्तच. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत आला आणि एकोणिसावा ठरला. पन्नासेक सुरू झाले, पस्तीस पोचले. त्यांतला एकोणिसावा, बेळगावच्या मातीतला! ह्या देशातला माणूस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदा पळाला तो हा. हॉकीच्या आधी.

आता त्या तिसऱ्या नावाशी मी थांबतो. कैकाडी. आडनावावरून माणसाची जात काढायची खोड वाईट, ती मी काढत नाही. तो गृहस्थ कोण, कुठल्या घरचा, ह्यावर मी काही म्हणत नाही. मी नावाबद्दल बोलतोय. त्याच काळात मुंबई इलाख्यात कैकाडी हे नाव सरकारनं गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलेलं होतं. कायदा १८७१ चा, पुढं १९११ ला आणखी आवळलेला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हजेरी द्यायची. गाव सोडून जायचं तर पास काढायचा. रात्री वस्तीबाहेर सापडला, त्यातून पळताना सापडला, की गुन्हा शाबीत. म्हंजे बघा, एकाच सरकारच्या एकाच दप्तरात हे एकच नाव दोन ठिकाणी आहे. एका पानावर पळण्यासाठी बोटीचं तिकीट, दुसऱ्या पानावर पळण्यासाठी तुरुंग. ते कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं उठलं. लोकांच्या डोक्यातून उठलं का, ते कुठल्याही पोलीस चौकीला विचारा.

आणि १९२० हे साल आपल्यासाठी कुठलं? जानेवारीत 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जूनमध्ये हे पळणारे बोटीत बसले आणि जुलैमध्ये बाबासाहेब लंडनला जायला बोटीत बसले. एकाच बंदरातून, महिन्याच्या अंतरानं. त्यांची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण मला ते दोन्ही प्रवास शेजारी ठेवून बघायची सवय लागलीय.

पाय तर आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या होते. मग त्या बोटीत, पुढच्या बोटींत आमची माणसं का दिसत नाहीत? ह्यावर बामणी उत्तर तयार आहे, की खेळाची आवड नव्हती, शिस्त नव्हती. माझं उत्तर साधं आहे. पळायला भाकर लागते. ज्याची भाकर पळून संपते त्याला पळण्यासाठी वेगळी भाकर लागते. ह्या देशात ती वेगळी भाकर द्यायची जागा बराच काळ एकच होती, पलटण. बूट, दूध, मैदान, रोजचा सराव, आणि पळालास म्हणून पगार. बिहारचा शिवनाथसिंग पलटणीतलाच. १९७६ ला माँट्रियलला मॅरेथॉनमध्ये अकरावा आला, १९७८ ला जालंधरला २ तास १२ मिनिटांत पळाला, आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. हा माणूस अनवाणी पळायचा. पण अनवाणी पायांच्या वर जे पोट होतं ते पलटणीनं भरलेलं होतं.

आमचं काय झालं? कोरेगावच्या खांबावर ज्यांची नावं, त्यांना १८९३ च्या सुमाराला भरती बंद झाली. का तर 'लढाऊ जात' नाही म्हणून. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ ला, आणि कुठं? बेळगावला. फडेप्पा चौगुल्यांच्याच गावात. पण मधली पन्नास वर्षं गेली. ह्याच पन्नास वर्षांत जगात पळणं हा खेळ झाला. आणि त्याच पन्नास वर्षांत आमचा माणूस साहेबाच्या घोड्यापुढंच पळत राहिला.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात थोडकंच आहे. १९७२ च्या दुष्काळात बाप आम्हाला घेऊन भिवंडीला आला. त्याला सायझिंगमध्ये काम लागलं. मी आधी कांड्या भरायला, मग मागावर. चार माग सांभाळणारा कामगार बारा तास उभा नसतो, चालत असतो. ह्या मागाची कांडी संपली, त्याचा धागा तुटला. माझे पाय तिथं तयार झाले. भीमजयंतीला मंडळाच्या शर्यतीत पळालो आणि पहिला आलो. मग ठाणं, कल्याण, मुंबई. रात्रपाळी करून सकाळी शर्यतीला. पोटात पाव आणि काळा चहा. बक्षिसं म्हणाल तर स्टीलचे पेले, एक गजराचं घड्याळ, एक थर्मास. एकदा वीस किलोमीटरला तिसरा आलो तर सुटकेस मिळाली. घरात तिच्यात ठेवायला काही नव्हतं. आईनं तीत तांदूळ ठेवले.

एका मोठ्या शर्यतीला फॉर्मवर क्लबचा शिक्का मागितला. मी म्हणालो, क्लब नाही, कारखाना आहे. टेबलामागचा माणूस म्हणाला, "मग कारखान्यातच पळ." दुसऱ्या एका शर्यतीसाठी दोन दिवस खाडा झाला, परत आलो तर माझ्या मागांवर दुसरा उभा. मागावर कापडाच्या मीटरला पैसे मिळायचे. रस्त्यावरच्या मीटरला काही मिळत नव्हतं. हा हिशेब बायकोनं घातला आणि तो बरोबर होता.

मग १९८४ चा मे आला. दंगलीत ह्या नाक्यावरून मी जसा पळालो तसा कुठल्या शर्यतीत पळालो नाही. धाकटा भाऊ पाठीवर. कोण मागं आहे, तो कुठल्या धर्माचा, ते वळून पाहिलं नाही. त्यानंतर शर्यतीच्या रेषेवर उभं राहिलं की पाय जड व्हायचे. मी थांबलो. त्याला निवृत्ती म्हणायचं असेल तर म्हणा.

म्हणून कविता राऊतची कहाणी मी वर्तमानपत्रातून कापून ठेवलीय. ती आमच्या वाड्यातली नव्हे, आदिवासी पाड्यातली. नाशिक जिल्ह्यात हरसूलकडं सावरपाडा आहे, तिथली. जन्म १९८५ चा. डोक्यावर पाणी, पायाखाली डोंगर, शाळा लांब. पळणंच का निवडलं, तर त्याला काही विकत घ्यावं लागत नव्हतं, अनवाणी जमत होतं. हे कारण ऐकून मला आज्याची आठवण झाली. पण तिथून पुढं तिची वाट आमच्यापेक्षा वेगळी झाली. शाळेच्या शर्यतींत ती दिसली आणि नाशिकला विजेंद्रसिंग नावाच्या प्रशिक्षकानं तिला हाताशी धरलं. रोज मैदान, रोज घड्याळ, राहायची सोय, खाण्याची सोय. पुढं ओएनजीसीत नोकरी. भाकरीचा प्रश्न मिटला आणि पाय काय करू शकतात ते दिसायला लागलं.

८ ऑक्टोबर २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला केनियाच्या दोघींच्या मागून ती तिसरी आली. ३३ मिनिटं ५ सेकंद. राष्ट्रकुलात ट्रॅकवर एकटीच्या बळावर पदक घेणारी पहिली भारतीय बाई. मिल्खासिंगचं पदक १९५८ चं, म्हंजे मधे बावन्न वर्षं. आणि दीड महिन्यात चीनला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला ३१ मिनिटं ५१ सेकंद, रुपेरी पदक. दीड महिन्यात सव्वा मिनिट कमी! पहिली आली ती केरळची प्रीजा श्रीधरन, एका सेकंदानं पुढं. पाच हजारातही दोघी पाठोपाठ, प्रीजा दुसरी, कविता तिसरी. वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'सावरपाडा एक्स्प्रेस'. त्या पाड्याला तेव्हा कुठली एक्स्प्रेस जात होती ते विचारू नका. २०१२ ला अर्जुन पुरस्कार.

मग वय झालं, दुखणी झाली, तशी ती मॅरेथॉनकडं वळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद, सुवर्णपदक. त्यावर ऑलिंपिकला पात्र. १४ ऑगस्टला रिओच्या उन्हात ती पळाली आणि १२० वी आली, २ तास ५९ मिनिटं. दुसऱ्या दिवशी लोकांनी १२० हा आकडा चघळला. मी टपरीवर म्हणालो, ऑलिंपिकची मॅरेथॉन पुरी केलीय तिनं, पुरी करणं म्हंजे काय ते ठाऊक आहे का? कुणाला ठाऊक नव्हतं. मी फडेप्पा चौगुल्यांचं नाव घेतलं, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या मागून त्याच मैदानावर, त्याच गुरूकडं संजीवनी जाधव आली, मोनिका आथरे आली. एक पोरगी पळाली म्हणून नव्हे. एका पोरीला पुरेसं खायला मिळालं, ते बाकीच्यांनी पाहिलं, म्हणून.

परवाच्या त्या पोरानं मला सकाळी तलावावर वेळ मोजायला बोलावलंय. त्यातला एकजण अजून रात्रपाळी करतो. पाळी संपायच्या आधी तासभर शेजारच्याला माग सोपवून येतो, केसांत कापूस तसाच. काल तो रेषेवर उभा राहिला तेव्हा विचारलं, "काही खाल्लंस का?"

"नाही काका. पळून झाल्यावर."

टपरीवाल्याला दोन पाव आणि दूध द्यायला सांगितलं. ते संपेस्तोवर बाकीचे कुरकुरत उभे राहिले. घड्याळ मग लावलं.